जोगणीच्या रानात कोण बोललं

झाबे चाचा माणसं मोजायचा ती मेंढ्यांसारखी. सगळ्यांच्या मागे उभा राहायचा, काठीचं टोक एकेकाच्या पाठीवरच्या पिशवीला हळूच लावायचा आणि ‘हो-हो, हो-हो’ असं जोडीजोडीनं म्हणत जायचा. दिल्लीचे डॉक्टर असोत की बंगळूरच्या कंपनीतल्या पोरी, त्याच्या लेखी सगळी मेंढरंच. वीस वर्षांत त्यानं राष्ट्रीय उद्यानात नेलेलं एकही माणूस हरवलं नाही, एकाचाही पाय मोडला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ज्या कागदाबद्दल सांगायचं आहे त्या कागदावर हे लिहायला रकानाच नव्हता.

मी लुदर चंद. कुल्लू जिल्ह्यातल्या आमच्या घलियार गावात मला लुदरू म्हणतात. चाचाच्या फेऱ्यांवर मी अकरा वर्षं स्वयंपाकी होतो. सकाळी गेटातून निघायचं, दुपारी वरच्या कुरणावर जेवायचं आणि ऊन उतरायच्या आत खाली यायचं, अशी ती एका दिवसाची फेरी. उद्यानात चूल पेटवायला बंदी, म्हणून मी घरूनच सिड्डू उकडून घ्यायचो. कणकेच्या त्या गोळ्यांत अक्रोडाचं सारण, वर तूप, सोबत चटणी. सगळं पाठीवर बांधून मी पाहुण्यांच्या पुढे चालायचो आणि चाचा सगळ्यांच्या मागे, हातातल्या टकळीवर लोकर कातत. आमच्याकडे पुरुषमाणूस रिकाम्या हातानं चालत नाही. आणि मेंढपाळ कळपाच्या पुढे चालत नाही. पुढे चालणाऱ्याला मागचं मेंढरू कड्यावरून गेलेलं कसं दिसणार, असं चाचा म्हणायचा. कुणी चुकीच्या पायवाटेला वळलं की मागून शीळ यायची आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं मुकाट्यानं वळायची.

चाचाचा जन्मच वरचा, नाडा थाच नावाच्या कुरणावरचा. त्याच्या आईला कळा सुटल्या तेव्हा कळप वर होता, म्हणून तीही वर होती. तो चालायला शिकला ते तिथल्या उतारावर, त्यामुळे सपाट जमिनीवर तो जरा लंगडल्यासारखाच दिसायचा. चाळिशीपर्यंत त्यानं उन्हाळे वर काढले आणि हिवाळे खाली. मग रान वाचवायचं ठरलं. कुणापासून वाचवायचं, तर आमच्यापासून. ज्या रानात आमचे आजे-पणजे चरायला गेले आणि तरीही ते रान उरलं, ते रान आमच्यापासून वाचवायला खाली गेट बसलं. चाचानं एकशेचाळीस मेंढ्या एका आठवड्यात विकल्या. एक अख्खा हिवाळा तो भिंतीकडे तोंड करून बसला होता, असं हिरमा चाची सांगते. मग त्याला कळलं की गेटातून आत दोनच प्रकारची माणसं जाऊ शकतात, तिकीटवाली आणि बिल्लेवाली. त्यानं वाटाड्याचा बिल्ला मागून घेतला.

पगारासाठी घेतला असं लोकांना वाटायचं. तसं नव्हतं. नाडा थाचवर एक शिळा आहे. भादोंच्या, म्हणजे आमच्या भाद्रपदाच्या, विसाव्या दिवशी त्या शिळेवर तूप ओतायचा मान चाचाच्या घराचा, त्याच्या आज्याच्या आज्यापासूनचा. घरातला पुरुष स्वतः चालत वर गेला पाहिजे; दुसऱ्याच्या हातचं तूप तिथे चालत नाही. त्या एका दिवसासाठी चाचा वर्षभर पाहुणे हाकत होता. चाची मला एकदा म्हणाली होती, “ह्याला दमडी नाही दिली तरी हा जाईल. पण हे त्यांना कळू देऊ नकोस, नाहीतर खरंच देणार नाहीत.”

कुरणाच्या खाली, वाटेतच, जोगणीचं रान लागतं. खरसूची जुनी झाडं, वर दगडफुलांच्या दाढ्या, भर दुपारीही अंधारलेलं. खालच्या टोकाला एक सपाट दगड, वरच्या टोकाला झरा, आणि मधलं अंतर वीस मिनिटांचं. त्या वीस मिनिटांत आमच्यातलं कुणी बोलत नाही. चामड्याची वस्तू नेत नाही. पट्टे, पाकिटं, सगळं दगडाजवळच्या फांदीवर टांगायचं आणि उतरताना घ्यायचं. तिथे बोललेलं जोगणी, म्हणजे त्या रानातल्या देवता, जमा करतात, त्याचं धुकं करून वरच्या कुरणावर सोडतात आणि बोलणाऱ्याला त्या धुक्यात वाट सापडत नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. माझ्या बापाला त्या रानात साप चावला होता. तो झऱ्यापर्यंत चालत आला आणि पलीकडे पाय टाकल्यावर ओरडला. आम्ही अशी माणसं आहोत, हसा हवं तर.

गेल्या वर्षीच्या वैशाखात दोन गोष्टी एकदम आल्या. एक म्हणजे परीक्षा. सगळ्या वाटाड्यांची नव्यानं परीक्षा घ्यायची आणि नापास होईल त्याचा बिल्ला काढून घ्यायचा, असा हुकूम निघाला. कुठल्याशा संस्थेला हे काम दिलं होतं आणि तिचे परीक्षक फेरीसोबत चालून गुण देणार होते. दुसरी गोष्ट म्हणजे अन्वेषा मॅडम. ह्या बाई दिल्लीहून लोकांना ‘मौन-वाटे’साठी आणायच्या. म्हणजे शहरातल्या माणसांना रानात आणून गप्प बसवायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसलो होतो. गप्प बसायला पैसे लागत असतील तर आमच्या गावातले निम्मे म्हातारे लखपती व्हायला हवे होते.

दोन्ही गोष्टी एकाच दिवशी चाचाच्या वाट्याला आल्या. नऊ पाहुणे, मॅडम, परीक्षक साहेब, चाचा आणि मी.

गेटातून आत पाऊल टाकताच साहेबांनी पहिला आक्षेप घेतला. त्यांच्या हातात पाटीला लावलेला छापील फॉर्म होता आणि पेन दोरीनं बांधलेलं होतं.

“गाइड पुढे हवा. तुम्ही मागे काय करताय?”

“पुढे वाट आहे, साहेब,” चाचा म्हणाला. “ती कुठे जात नाही. जातात ती माणसं.”

साहेबांनी काहीतरी लिहिलं. थोडं पुढे गेल्यावर एका झाडाशी थांबले. “हे कोणतं झाड?”

“बान.”

“शास्त्रीय नाव?”

“ते नाही ठाऊक. पण बर्फाच्या दिवसांत ह्याचा पाला गाईला घातला तर तिचं दूध आटत नाही. आणि हे दाट वाढलेलं दिसलं की समजायचं, खाली पाणी आहे.”

“मी शास्त्रीय नाव विचारलं.”

“त्या नावानं ह्याला कधी हाक मारून नाही बघितली, साहेब.”

पाहुणे हसले. साहेब नाही हसले. त्यांनी पुन्हा लिहिलं. मी पुढून मान वळवून चाचाला डोळ्यांनी खुणावलं, की जरा गोड बोल, आज तुझी मान त्यांच्या हातात आहे. त्यानं टकळीला एक गिरकी दिली आणि माझ्याकडे बघितल्यासारखंही केलं नाही.

नदीवर मॅडमनी पहिलं मौन लावलं. सगळ्यांना गोल बसवलं, पितळेची वाटी टणकन वाजवली आणि म्हणाल्या, “आता आपण शब्दांच्या पलीकडे जाऊया.” मग त्या अर्धा तास शब्दांच्या पलीकडे कसं जायचं ते शब्दांत सांगत होत्या. प्रत्येकाच्या हातात एक गोटा दिला आणि त्याला प्रश्न विचारायला लावला. मग पिशवीतून एक छोटा स्पीकर काढून लावला. त्यातून बासरी वाजत होती आणि बासरीच्या मागे वाहत्या पाण्याचा आवाज होता. खऱ्या पाण्यापासून चार हातांवर बसलेल्या माणसांना डब्यातलं पाणी ऐकवत होती ती बाई.

चाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “लुदरू, ह्या नदीत काही बिघाड झालाय का रे?”

मी चहाच्या थर्मासमागे तोंड लपवून हसलो. त्या दिवशीचं माझं ते शेवटचं हसणं.

जोगणीच्या रानाच्या सपाट दगडापाशी चाचा थांबला. इथे मात्र तो नेहमी पुढे यायचा आणि पाहुण्यांशी बोलायचा, मोजकं. “चामड्याचं असेल ते ह्या फांदीवर ठेवा. इथून झऱ्यापर्यंत तोंड बंद. कुणी घसरलं तर काठीनं पुढच्याला खुणवा, हाक नाही मारायची.” मग साहेबांकडे वळून हात जोडले. “साहेब, काय विचारायचं ते इथे विचारून घ्या, नाहीतर झऱ्यापलीकडे. मधे मी बोलणार नाही. आमच्यात बोलत नाहीत.”

“हे फॉर्ममध्ये कुठेय?” साहेब म्हणाले.

“फॉर्ममध्ये नाही. रानात आहे.”

मॅडम पटकन म्हणाल्या, “किती छान! मंडळी, हे आपल्या मौन-वाटेचं दुसरं सत्र समजा.” जणू त्यांनीच बांधलं होतं ते रान. साहेबांनी चेहरा वाकडा करून कमरेचा पट्टा काढला. पँट सैल होती. एका हातात फॉर्म आणि दुसऱ्या हातात पँट धरून ते चालू लागले.

आत शिरलो आणि थोड्याच वेळात सगळ्यांचे पाय हळू पडायला लागले. नेहमी तसं होतं. वाटी वाजवावी लागत नाही, गोट्याला काही विचारावं लागत नाही. पाहुण्यांमधल्या एक वयस्क बाई वर बघत बघत चालत होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

निम्म्या वाटेवर चाचाच्या काठीची खूण मागून एकेकाच्या पाठीवरून माझ्यापर्यंत पोचली. थांबा. सगळे थांबले. डावीकडे बुरांसाच्या झुडपाखाली, वीस हातांवर, जुजुराणा उभा होता. आम्ही त्याला पाखरांचा राजा म्हणतो. लाल मान, अंगभर पांढरे ठिपके, गळ्याखाली निळं. परदेशातून लोक येतात, आठ-आठ दिवस झाडामागे बसतात आणि त्याचं पीसही न बघता परत जातात. आम्ही तेरा माणसं उभी होतो आणि तो पानं उकरत होता. आमच्या मुक्यानं चालण्यामुळे तो तिथे होता. नाहीतर आम्हाला दिसायच्या आधीच गेला असता.

“हा कोणता पक्षी?” साहेबांचा आवाज आला.

मला वाटलं माझ्या कानाशी कुणी थाळी आपटली. चाचानं ओठांवर बोट ठेवलं. छातीवर हात ठेवला, वाकला, काठीनं वरच्या झऱ्याकडे दाखवलं. ह्याहून जास्त कुठलं माणूस काय सांगणार?

“नाव सांगा ना. माहीत नाही का?” आवाज खाली आला होता, पण पेन फॉर्मला लागलं होतं. “तिसऱ्यांदा विचारणार नाही. इथे वीस गुण आहेत.”

चाचा तसाच उभा. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काकुळती होती. साठ उन्हाळे त्या रानातून गेलेला तो म्हातारा एका पेनासमोर हात जोडून उभा होता. मला ते बघवलं नाही. मला दिसत होतं ते पेन, तो रकाना, आणि भादोंचा विसावा दिवस.

“जुजुराणा, साहेब,” मी बोललो. “इंग्रजीत वेस्टर्न ट्रॅगोपॅन.”

पाखरू फडफडलं आणि दरीत कोसळल्यासारखं खाली गेलं. साहेब खूश. “खातो काय हा?” मी सांगितलं. “अंडी कधी?” तेही सांगितलं. चाचाच्या बाजूनं बोलतोय असंच मला वाटत होतं, कारण ते सगळं चाचानंच मला शिकवलेलं होतं. वेस्टर्न ट्रॅगोपॅन हे दोन शब्द तेवढे मी गेटावरच्या पाटीवरून वाचले होते. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं मी कुठे उभा आहे ते. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. थोड्या वेळानं काठीचं टोक माझ्या पाठीला लागलं. चल.

झऱ्यापलीकडे गेल्यावर मी आभाळाकडे बघत होतो. धुकं काही पडलं नाही. दिवसभर स्वच्छ ऊन होतं. पडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. मी कुठेतरी भरकटलो असतो आणि फिटलं असतं.

कुरणावर साहेबांनी तीन सिड्डू खाल्ले. मॅडमनी पाहुण्यांना गोल बसवून विचारलं, कुठल्या क्षणानं काय दिलं. ‘रानातली ती वीस मिनिटं,’ असंच सगळे म्हणाले. वयस्क बाई तर म्हणाल्या, “माझे यजमान गेल्यापासून मी एवढी शांत पहिल्यांदा झाले.” मॅडमनी हात छातीशी नेले आणि म्हणाल्या, “धन्यवाद. आम्ही त्या सत्रावर खूप मेहनत घेतली आहे.” मी चटणीचा डबा त्यांच्या डोक्यात घालायचा बाकी होतो. चाचा लांब शिळेपाशी बसला होता. त्याच्या घराच्या जुन्या गोठ्याचे चार दगड तिथे अजून आहेत. तो त्यातल्या एकावर हात ठेवून बसला होता, दुसरं काही करत नव्हता.

उतरताना मी त्याच्याजवळ गेलो. “चाचा, मी तुझ्यासाठी—”

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “भांडी नीट बांध. वाजताहेत.”

महिन्याभरानं गेटावर यादी लागली. मी वाचून दाखवावी म्हणून चाचा मला सोबत घेऊन गेला. त्याला अक्षर येत नाही. मी आधी मनात वाचली आणि पुन्हा वरून मनातच वाचायला लागलो.

“वाच ना. कागद आहे, साप नाही.”

मी वाचलं. झाबे राम, अनुत्तीर्ण. संवादकौशल्य शून्य. प्रजातींचे ज्ञान असमाधानकारक. चालण्याची पद्धत सदोष. पर्यटकांना खाजगी वस्तू काढून ठेवण्यास भाग पाडतो. खाली शाईनं वेगळी ओळ होती: लुदर चंद, स्वयंपाकी. जाणकार, उत्साही, संवादकुशल. वाटाड्याच्या प्रशिक्षणासाठी शिफारस.

ती ओळ मी वाचली नाही. पण गेटावरच्या रखवालदाराला वाचता येत होतं. तो शेजारच्या गावचा, चाचाच्या घरी किती वेळा जेवून गेलेला. तो मोठ्यानं म्हणाला, “अरे लुदरू, पेढे काढ! तुला बिल्ला!”

चाचानं माझ्याकडे पाहिलं. मग गळ्यातला बिल्ला काढला, अंगरख्याला पुसला आणि रखवालदाराच्या टेबलावर ठेवला. “वीस वर्षं माझ्याकडे होता,” तो म्हणाला. “हरवला नाही कधी.” आणि सपाट जमिनीवर चालायचा तसा, जरा लंगडत, घराकडे गेला.

मला जो राग आला तो आजतागायत गेलेला नाही. गप्प राहिला म्हणून एका माणसाला शून्य. तेच गप्प राहणं विकलं म्हणून दुसरीला टाळ्या. आणि जिथे तोंड उघडायचं नाही तिथे उघडलं म्हणून तिसऱ्याला बक्षीस. आणि तो तिसरा मी. साहेबांना शिव्या घालणं सोपं आहे, त्या मी भरपूर घातल्या. पण पाखरू उडालं ते माझ्या आवाजानं. साहेब दोनदा बोलले तेव्हा ते पानं उकरतच होतं.

त्या संध्याकाळी मी चाचाच्या घरी जाऊन सांगितलं, “मी नाही म्हणून कळवतोय. थुंकतो त्यांच्या बिल्ल्यावर.”

चाचा ओसरीवर लोकर पिंजत होता. चाची आतून चिमटा घेऊनच बाहेर आली.

“थुंक. खुशाल थुंक. मग भादोंत ह्याला वर कोण नेणार? तो फॉर्मवाला साहेब?”

“चाची, त्याच्या हक्काचा बिल्ला मी गळ्यात घालून गावातून फिरू? लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. तू त्या रानात बोललास तेव्हा विचारलं होतंस लोकांना?” ती माझ्यासमोर उभी राहिली. “तिकीट काढून जाता येतं ना आत? पण तिकीटवाल्याला सोबत बिल्लेवाला लागतो, एकटं सोडत नाहीत. दुसरे बिल्लेवाले कोण आहेत? खालच्या बाजारातली पोरं. ती शिळेपाशी उभी राहून फोटो काढतील. तूप तरी नीट ओतू देतील का ह्याला? तुझा मानअपमान ठेव चुलीत. बिल्ला घे.”

मी चाचाकडे बघितलं. त्यानं पिंजलेल्या लोकरीचा पुंजका उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाला, “सिड्डू मात्र आता कोण करेल, ते बघायला हवं.” एवढंच.

मी बिल्ला घेतला. तीन दिवस मला एका खोलीत बसवून झाडांची ती नावं शिकवली, ज्या नावांनी त्यांना कुणी हाक मारत नाही. नवा बिल्ला जुन्यापेक्षा मोठा होता आणि त्याला चामड्याचा पट्टा होता, शोभा यावी म्हणून.

भादोंच्या विसाव्या दिवशी आम्ही दोघं गेटावर गेलो. चाचानं धुतलेला लोकरी चोळा घातला होता, डोक्यावर नवी टोपी, कमरेला लोकरीचा दोर, पाठीला तुपाचं लाकडी भांडं, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात टकळी. गेटावर एक नवा फलक लागला होता. मौन-वाटेचा. ‘वीस मिनिटांचं पवित्र मौन, आमची खास अनुभूती,’ असं त्यावर लिहिलं होतं, आणि खाली मोठा फोटो: जोगणीच्या रानात शिरणारा एक म्हातारा, पाठमोरा, हातात काठी. चाचाला वाचता येत नाही, पण स्वतःची पाठ ओळखता येते. त्यानं फलकाकडे बघितलं आणि काठी या हातातून त्या हातात घेतली.

खिडकीत तोच रखवालदार होता. त्यानं मान वर केली नाही. “चाचा, नियम आहे. फॉर्म भरावा लागेल.”

“भर की. तुझ्या हाताला जेवण माझ्याच घरचं लागलंय, अक्षर चांगलं येईल.”

“भेटीचा उद्देश?” त्यानं वाचलं. “गिर्यारोहण, पक्षीनिरीक्षण, छायाचित्रण, मौन आणि ध्यान. ह्यातलं एक सांग.”

“मेंढ्या मोजायला चाललोय.”

“चाचा, मेंढ्या कुठे आहेत आता वर?”

“म्हणून लवकर मोजून होतील.”

रखवालदारानं मौन आणि ध्यानावर खूण केली. तिकिटाचे पैसे मी पुढे केले, तर चाचानं माझा हात बाजूला सारला आणि स्वतः दिले. परदेशी माणसाला देतात तसं एक छापील पत्रकही त्याला मिळालं, रानात कसं वागावं ह्याचं. ते त्यानं घडी करून टोपीत खोचलं.

नियमाप्रमाणे मला पुढे चालायचं होतं. मी पुढे, तो मागे. मागून टकळीची भिरभिर ऐकू येत होती. नदी ओलांडली, बानाचं ते झाड मागे पडलं. दोनदा मी थांबून त्याला पुढे हो म्हणालो. दोन्ही वेळा त्यानं काठी माझ्या पाठीला लावली.

सपाट दगडापाशी आलो. चामडं काढायची जागा. मी गळ्यातला पट्टा काढला आणि बिल्ल्यासकट फांदीवर टांगायला गेलो. खरं सांगतो, माझ्या मनात होतं की तो तिथेच राहू दे, आत तरी आम्ही दोघं बिनबिल्ल्याचे जाऊ. चाचानं माझा हात धरला. पट्ट्यातून बिल्ला सोडवला, पट्टा तेवढा फांदीवर टाकला. मग टकळीवरची लोकर उलगडली, गेटापासून इथवर काततच आला होता ती, तिचा दुहेरी पीळ घातला, बिल्ल्याच्या भोकातून ओवला आणि माझ्या गळ्यात बांधला. पुढच्या मेंढीला घंटा बांधतात तशा दोन गाठी मारल्या आणि ओढून बघितल्या.

“वर गस्तवाले भेटले आणि तुझ्या गळ्यात हे नसलं,” तो म्हणाला, “तर माझ्याच कुरणात मी चोर ठरेन.”

“चाचा, त्या दिवशी मी बोलायला नको होतं. मी—”

त्यानं काठीचं टोक माझ्या पाठीला टेकवलं. “हो,” त्यानं मोजलं. जोडी नव्हती, म्हणून एकदाच.

मी तोंड मिटलं आणि रानात शिरलो.